भिंगरीचा आवाज आणि आमचा राऊटर

सोमवार, ३ मार्च

आवाज नाहीच! चित्र दिसतं, खेळातलं बेट दिसतं, बेटावर आमच्या नातीचा, भिंगरीचा, तो पिवळ्या सदऱ्याचा माणूस टुणटुण उड्या मारताना दिसतो — आणि आवाज शून्य. ही कानाला हेडफोन दाबून "भिंगरे, बोल ना गं, बोल ना" करत बसली. पलीकडून नुसत्या उड्या.

शेवटी सूनबाईला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, इकडे आईंचा आवाज खणखणीत येतोय. भिंगरी तर सारखी बोलतेय. तिकडे पोचत नाही वाटतं."

म्हणजे घोडं आमच्याच घरात अडलंय. राग आला. काढणार कोणावर? राऊटर कोपऱ्यात डोळे मिचकावत बसलाय, जसा काही तो त्या गावचाच नाही.

मंगळवार, ४ मार्च

डोक्यात फार गर्दी झाली आहे. लिहून काढतो, म्हणजे जरा हवा येईल.

मुलगा आणि सूनबाई वेगळे झाले, त्याला वर्ष होत आलं. भांडणं आमच्यासमोर कधी केली नाहीत, एवढं त्यांचं मानायला हवं. मुलगा आता दुसरीकडे राहतो, सूनबाई नोकरी बघून दुसऱ्या गावी गेली, नात तिच्याबरोबर. नऊ वर्षांची पोर. इथे असताना एका जागी टेकेल तर शपथ — म्हणून तर भिंगरी. आणि आता फोनवर काय? जेवलीस? हं. शाळा बरी आहे? हं. बापालाही तेच, "हं". सुट्टीत येतेस का आमच्याकडे, असं विचारलं की तेवढं हंसुद्धा नाही. गप्प!

सूनबाईने स्वच्छ सांगितलंय, "मी अडवणार नाही, बाबा. पण ढकलणारही नाही. तिने स्वतःच्या तोंडाने येते म्हटलं, की मी आणून सोडते." रास्त बोलली. दुसरी असती तर कोर्टाचे कागद दाखवले असते. पण पोरीने तोंड उघडायला हवं ना!

हा खेळ सूनबाईनेच सुचवला. "खेळताना ती बोलते, आई. नुसती बडबडते." दोघींनी मिळून एक बेट वसवायचं. घरं बांधायची, विहीर खणायची, दिवे लावायचे, बोटींना धक्का करायचा. खेळ जुना आहे. मध्ये कुठली कंपनी नाही, त्यांचं घर सरळ आमच्या घराशी जोडलेलं.

जोडलेलं म्हणे! सुट्टी लागायला महिनाच राहिलाय आणि आम्ही बहिऱ्यासारखे उड्या बघतोय.

बुधवार, ५ मार्च

इंटरनेट कंपनीला फोन केला. "राऊटर बंद करून चालू करा." केला. "पुन्हा एकदा करा." केला. तिसऱ्यांदा तेच म्हणाला, तेव्हा हिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"हे बघा भाऊ, मी उभा जन्म शिवणाचं दुकान चालवलंय. सुई मोडली असेल तर मशीन बंद-चालू करून कोट शिवून होत नाही. कुठे अडतंय तेवढं सांगा."

तो बिचारा आधी गडबडला. मग मात्र नीट बोलला. बाहेरून आपण होऊन येणारी कुठलीही गोष्ट राऊटर आत सोडत नाही, ती त्याची राखण आहे. खेळाचा आवाज एका वेगळ्या दाराने येतो. त्या दाराला पोर्ट म्हणतात. तसली हजारो दारं असतात, प्रत्येकाला नंबर. खेळाच्या दाराचा नंबर शोधायचा, दार उघडायचं आणि तिथून आलेलं आपल्या कॉम्प्युटरकडे वळवायचं. याला म्हणतात पोर्ट फॉरवर्डिंग.

"वळवायचं कसं?"

"ते आमच्याकडे येत नाही, मॅडम."

हिने फोन ठेवला आणि चष्मा शोधायला गेली. चष्मा शोधायला गेली की समजायचं, बाई आता मागे हटत नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च

राऊटरचंही एक पान असतं! कॉम्प्युटरवर उघडतं. त्याचा पासवर्ड राऊटरच्या पोटाखाली चिकटवलेला. अक्षरं एवढी बारीक की माझ्या दुकानातल्या नजर तपासायच्या पाटीची शेवटची ओळ परवडली. जमिनीवर पालथा पडून भिंगाने मी तो वाचून दिला. या सगळ्या कारभारात माझा वाटा तेवढाच. बाकी सगळं हिचं.

कसं करते ते बघत बसलो. कुठल्याही गोष्टीला हात लावायच्या आधी पानाचा फोटो काढते. मग एकच गोष्ट बदलते. एकच! बदलली, की उठून खेळ उघडून बघते. नाही जमलं तर बदललेलं पुन्हा जागेवर, मग दुसरी गोष्ट. मी म्हटलं, "अगं, चार गोष्टी एकदम करून बघ ना, वेळ वाचेल." माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी कच्चा टाका. अंगावर बसलं तर मशीन मारायची. तुमच्यासारखी घाई केली असती, तर गावातली अर्धी माणसं एक बाही आखूड घालून हिंडली असती."

दिवेलागणीला आवाज आला! एकच वाक्य — "आजी, तिथे नको बांधू, पाणी येईल!" मग त्यांच्याकडे जेवायची हाक आली आणि खेळ संपला. पण आला! मला शिट्टी वाजवावीशी वाटली. वाजवली. नीट वाजली नाही.

रविवार, ९ मार्च

पुन्हा गायब.

कारण हिनेच शोधलं, आणि कारण हीच आहे. बाहेर पडताना घराचा मेन स्विच खाली पाडायचा, हा हिचा नेम. दुकानात एकदा इस्त्री चालू राहिली आणि एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट जळाला, तेव्हापासूनचा. भाजीला गेली तरी मेन स्विच खाली. काल आम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परत येऊन वीज लावली, राऊटर जागा झाला आणि त्याने घरातल्या यंत्रांना नव्याने नंबर वाटले. ज्या नंबराकडे आवाज वळवला होता, तो कॉम्प्युटरचा नंबर मिळाला प्रिंटरला!

म्हणजे काल संध्याकाळपासून भिंगरी प्रिंटरशी बोलत होती. प्रिंटरने काही सांगितलं नाही आम्हाला.

मी म्हटलं, "मग स्विच नको पाडत जाऊस."

"कोट विसरलात?"

विषय संपला. नंबर कायमचा बांधून ठेवायची सोय या राऊटरात नाही. निदान हिला सापडली नाही, म्हणजे नसणारच.

सोमवार, १० मार्च

ही दिवसभर राऊटरच्या पानावर. भाजीत मीठ दोनदा. बोललो नाही, दोनदा पाणी प्यालो.

बुधवार, १२ मार्च

जमलं! आणि काय जमलं!

त्या पानावर फॉरवर्डिंगच्या खालीच आणखी एक नाव होतं — पोर्ट ट्रिगरिंग. आम्ही रोज त्याच्यावरून पुढे जात होतो. हिने आज तिथे बोट ठेवलं आणि सकाळभर त्याचं वाचन केलं. मग मला समोर बसवून शिकवलं. नीट कळलं, म्हणून लिहितो.

"अहो, यात कॉम्प्युटरचा नंबर द्यायचाच नाही. दार एरवी बंदच. घरातल्या कुठल्याही यंत्राने आतून बाहेर हाक मारली, की राऊटर बघणार हाक कोणाची आहे, आणि उत्तर यायचं दार तेवढ्यापुरतं त्याच्यासाठी उघडणार. बोलणं थांबलं, की थोडा वेळ वाट बघून आपोआप लावून घेणार. मग नंबर बदलो नाहीतर आणखी काही होवो."

"आणि घरातल्या दोघांनी हाक मारली तर?"

"आधी ज्याची, दार त्याचं. दुसऱ्याने तो आटपेपर्यंत थांबायचं. पण आपल्या घरात खेळणारी मी एकटीच, दुसरं आहेच कोण?"

दोन चौकटी भरायच्या. एकीत बाहेर जाणाऱ्या हाकेच्या दाराचा नंबर, दुसरीत आत येणाऱ्या आवाजाच्या दारांचे, इथपासून तिथपर्यंत. पहिल्यांदा हिच्याकडून उलटसुलट भरले गेले. काहीच झालं नाही. चिडली नाही, वैतागली नाही. शांतपणे उसवलं, पुन्हा भरलं, सेव्ह केलं. राऊटरने दोनचारदा डोळे मिचकावले.

आणि मग —

"आजी! ऐकू येतंय? तिथे विहीर नको ना खणू, ते माझं मैदान आहे!"

हिने हेडफोनची एक वाटी स्वतःच्या कानाला ठेवली, दुसरी माझ्या. दोघं गालाला गाल लावून बसलो. तिकडे ती बडबडतेय. बोटीला नाव काय द्यायचं, डोंगरावर दिवा कसा न्यायचा, आजी तुझा माणूस किती हळू चालतो! तोच आवाज, तीच धाप लागेपर्यंत बोलायची सवय. माझे डोळे भरून आले. लिहायला लाज कसली, इथे कोण वाचतंय.

खेळ झाल्यावर हिने काय केलं असेल? मुद्दाम जाऊन मेन स्विच पाडला. पुन्हा लावला. भिंगरीला पुन्हा बोलावून घेतलं. आवाज हजर! तेव्हाच उठली. माझं लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले होते, मुलगी शिवणात हुशार आहे. शिवणातच? माणसांना नजर नसते, हे मी धंद्यात शिकलो, पण तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवार, १५ मार्च

रोज संध्याकाळी बेट. मी खुर्ची ओढून शेजारी. अर्धा कान माझा.

आज न राहवून माईकमध्ये तोंड घातलं, "भिंगरे, आजोबा बोलतोय! काय चाललंय?"

"हं."

झालं! हिच्याशी किलबिल आणि मला हं. खूप लागलं. मग घुम्यासारखा बसलो. शेवटी ही म्हणाली, "अहो, तुम्ही तिला प्रश्न विचारता. मी तिच्याबरोबर विहीर खणते."

सुट्टीचं हिनेही एकदाच विचारलं होतं. तिकडून शांतता, मग दोन उड्या. हिने लगेच डोंगरावरच्या दिव्याचं काढलं. "पुन्हा नाही विचारणार. तिच्या सवडीने सांगेल." मला नाही एवढा धीर. सुट्टी काय आपल्या सवडीने येते?

सोमवार, १७ मार्च

ठरलं. मीही विहीर खणणार!

पण हिच्यासमोर शिकायचं म्हणजे हसं करून घ्यायचं. मागच्या खोलीत माझ्या दुकानातला जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर गुपचूप खेळ घातला. माईक मेलेला आहे त्याचा, पण मला कुठे बोलायचंय? शिकून, तरबेज होऊन, एक दिवस बेटावर उगवायचं आणि दोघींना थक्क करायचं, असा बेत.

खेळ विचारतो, नाव काय? लिहिलं. कुठलं बेट? हिने भिंतीवर चिकटवून ठेवलंय तेच नाव टाकलं, मला दुसरं कुठलं माहीत आहे! उघडलं तर काय, चहूकडे पाणी. माझा माणूस समुद्राकडे तोंड करून उभा. ना भिंगरी, ना ही. मला शिकाऊ म्हणून वेगळं रिकामं बेट दिलं असणार. बरंच झालं. मागे वळायचं कसं ते मात्र सापडेना. सगळी बटणं दाबून पाहिली, एकाने तो बसला, एकाने उठला.

हेडफोन काढून ठेवले आणि चहा प्यायला गेलो. लॅपटॉप बंद नाही केला. चालू व्हायलाच त्याला युगं लागतात, आता शिकून होईपर्यंत असू दे.

बुधवार, १९ मार्च

आवाज पुन्हा गेला! परवापासून. तिकडे आमचा जातो, इकडे तिचा येत नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तेवढेही नाहीत.

ही रडकुंडीला आली असेल असं वाटलं. छे! हिने लगेच दिव्यांची भाषा काढली. माईकमधून सांगितलं, "भिंगरे, मला ऐकू येत नाहीये, पण तू खेळ. हो असेल तर दिवा एकदा लाव, नाही असेल तर दोनदा." आणि पोरीने लावला की एकदा! अशा डोक्याच्या बाईबरोबर संसार केला, आणि मी चष्म्यांच्या काड्या मोजत बसलो.

शुक्रवार, २१ मार्च

ही पुन्हा पहिल्यापासून एकेक टाका उसवून बघतेय. चौकटी बरोबर. केबल बदलली. खेळ काढून पुन्हा घातला. रोज बाहेर जाताना मेन स्विच पडतो, पण त्याने आधी बिघडलं नव्हतं. मला विचारलं, "घरात काही बदललं का हो?"

"नाही बुवा."

खरंच वाटलं नाही की काही बदललंय.

माझा माणूस अजून समुद्रच बघतोय.

रविवार, २३ मार्च

आता क्रमाने लिहितो.

संध्याकाळी ही पुढच्या खोलीत खेळायला बसली, तिच्या त्या दिव्यांच्या भाषेत. मी मागच्या खोलीत गेलो, म्हटलं आज काही झालं तरी मागे वळायचंच. हेडफोन घातले. लाटांचा आवाज. आणि लाटांतून भिंगरी!

आधी वाटलं, भास. मग कळलं. दोघांनी हाक मारली तर आधी ज्याची, दार त्याचं. माझा लॅपटॉप सोमवारपासून उघडा. सगळ्यात आधी, सारखी, अखंड हाक मारत बसलाय! हिचं दार मी अडवून उभा आहे. सहा दिवस पोरीचा शब्द न् शब्द या टेबलावर, रिकाम्या हेडफोनमध्ये सांडत होता.

त्याच क्षणी बंद करायला हवा होता. हात पुढे केलाही. पण ती बोलत होती.

"आजीला आजपण ऐकू येत नाहीये. बरंय. तिला सांगितलं ना, तर ती लगेच रडेल आणि मग आईला फोन करेल." थांबली. ठक ठक आवाज आला, काहीतरी बांधत होती. "मला यायचंय सुट्टीत. खूप यायचंय. पण मी आले की आई एकटी राहणार. मागे मी शाळेच्या सहलीला गेले होते ना, तर तिने जेवायलाच नाही केलं काही. नुसता चहा. मला कप दिसले बेसिनमध्ये. आणि मी हो म्हटलं तर तिला वाटणार, मला तिकडचीच माणसं जास्त आवडतात. म्हणून मी काहीच बोलत नाही." पुन्हा ठक ठक. "कोणीतरी सांगायला पाहिजे आईला. मी नाही सांगू शकत."

मुलं खेळताना स्वतःशी बोलतात, बाहुल्यांशी बोलतात. तशी बोलत होती ती. ऐकणारं कोणी नाही म्हणून. आणि मी चोरासारखा कान लावून बसलेलो.

एवढीशी पोर. आम्ही समजत होतो, रुसलीय, विसरलीय, आईने शिकवलंय — हो, हेही एकदा माझ्या मनात येऊन गेलं. आणि ती आईचे चहाचे कप बघत होती. मी असं कोणाचं काही बघितलं असतं का तिच्या वयात? आजही बघतो का?

सोमवार, २४ मार्च

हिला सांगितलं नाही. सांगायचं कसं? सांगितलं की ही सूनबाईला फोन करणार, सूनबाई पोरीला विचारणार, आणि पोरीला कळणार की तिचं एकटीचं बोलणं कोणीतरी ऐकलं. मग बेटही गेलं. नाही सांगितलं तर सुट्टी जाते.

लॅपटॉप बंदही केला नाही. बंद केला तर आवाज हिच्याकडे जाईल, आणि पोरीला वाटतंय ते कोणाला ऐकू जात नाही. पण उद्या पुन्हा ऐकायला मिळेल, हेही होतंच मनात. नाही कशाला म्हणू.

मंगळवार, २५ मार्च

पकडला गेलो!

दुपारी ही राऊटरसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. अंगावर न बसणाऱ्या कपड्यासमोर उभी राहायची तशी. स्वतःशीच बोलत होती.

"हाक जातेय, कारण माझा आवाज तिला पोचतो. ती बोलतेय, दिवा लावून सांगते. चौकटी बरोबर आहेत. म्हणजे तिचा आवाज या घराच्या दारापर्यंत येतोय. मग आत येऊन जातो कुठे?"

मी पेपर तोंडासमोर धरला.

"मेन स्विच पाडला की सगळं थंड होतं. वीज आली की कॉम्प्युटर मी माझ्या हाताने लावते. म्हणजे माझ्याआधी हाक मारतं, असं काहीतरी घरात आहे. स्विच पाडला तरी जे चालूच राहतं." थांबली. "बॅटरीवर चालणारं. भिंतीवरचं घड्याळ. तुमची विजेरी. आणि... अहो, दुकानातला लॅपटॉप कुठे असतो हो हल्ली?"

पेपर उलटा होता, हे मला नंतर कळलं.

मागच्या खोलीत गेली. झाकण उघडं, पडद्यावर समुद्र, समुद्रासमोर माझा माणूस. हिने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि अशी हसत सुटली की पलंगावर बसावं लागलं. "मेलं, आठवडाभर मी कंपनीला शिव्या घालतेय, आणि दारात नवराच उभा!"

मग मी सांगितलं, काय ऐकलं ते. हसणं थांबलं.

"पुन्हा सांगा. तिचे शब्द सांगा, तुमचे नको."

सांगितले. कप, सहल, सगळं. ही बराच वेळ पदराच्या काठाशी चाळा करत बसली. रडली नाही. पोरीचा अंदाज तेवढा चुकला.

लॅपटॉप हिनेच बंद केला. आता भिंगरीची परीक्षा आहे, रविवारपर्यंत खेळ नाही. तोवर काय करायचं ते ठरवायला वेळ आहे, म्हणाली.

बुधवार, २६ मार्च

हिने वेळ घेतलाच नाही. सकाळी चहा खाली ठेवला आणि सूनबाईला फोन लावला. मी समोर, जीव टांगणीला. आता सांगणार, तुझी पोर तुझ्यासाठी अडून बसलीय.

एक शब्द नाही! भिंगरीचं नावच नाही!

"अगं, मी काय म्हणते, सुट्टीत तू ये ना. ... हो, तूच. भिंगरी येवो न येवो, तू ये. चार दिवस आयतं जेव, लोळत पड. काय चेहरा झाला असेल तुझा, आवाजावरून कळतं मला."

पलीकडून काहीतरी. बहुतेक मुलाचं.

"तो आला तर पाहुण्यासारखा येईल आणि पाहुण्यासारखा जाईल, ते मी त्याला सांगते. मुलगा माझा आहे, पण घरही माझंच आहे. आणि तू वेगळी झालीस ती त्याच्यापासून. माझ्यापासून कधी झालीस, मला तरी कळलं नाही."

मग हिने फोन माझ्या कानाला लावला. सूनबाई नाक ओढत होती. "बघते, आई," एवढंच म्हणाली.

एवढ्या दिवसांत आमच्यापैकी कोणाला हे सुचलं नव्हतं. पोरीला बोलावत होतो, बोलावत होतो, आणि तिचा अर्धा जीव तिकडेच बांधलेला. हिने पोरीचं गुपित जागच्या जागी ठेवलं आणि गाठ नेमकी सोडवली. मी हिच्या पाया पडलो असतो, पण गुडघे साथ देत नाहीत आणि ही हसली असती. तसं तोंडावर सांगितलं मात्र. म्हणाली, "पुरे. चहा थंड होतोय."

मुलालाही दुपारी फोन केला हिने. दार लावून. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "समजूतदार आहे तो. थोडा उशिरा समजतो, एवढंच." हे म्हणताना माझ्याकडे का बघितलं, कळलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

सूनबाईचा फोन नाही. जास्तच बोललो की काय आपण? ही म्हणते, थांबा. थांबतो.

रविवार, ३० मार्च

परीक्षा संपली, बेट उघडलं. आवाज स्वच्छ! मी शेजारी, अर्धा कान माझा. पण भिंगरीचं पहिलं वाक्य हिच्यासाठी नव्हतंच.

"आजी, आजोबा कुठाय? धक्क्यावर उभा असतो ना रोज, नाव दिसतं त्याच्या डोक्यावर. आज का नाही आला?"

हिला म्हणे तो खेळातलाच कोणी वाटत होता. चष्मेवाल्याची बायको, खेळताना चष्मा लावेल तर ना! मी हेडफोनची वाटी कानाशी आणखी दाबून धरली.

"त्याला सांग, आम्ही दोघी येतोय! आई आत्ता म्हणाली. मी सगळं त्यालाच सांगितलं होतं, तो मध्ये मध्ये बोलत नाही म्हणून. पहिल्याच दिवशी सांगितलं, मग रोज सांगितलं. किती दिवस लावले गं त्याने!"